रुमालातले एक पान : खेळांचे मॉड, त्यांतील फायली आणि वत्सगुल्मचा सर्वसेन

‘मॉड’ हा शब्द मराठी समीक्षेच्या परिभाषेत अद्याप आलेला नाही. लवकर येईल अशी चिन्हेही दिसत नाहीत. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा विद्यार्थी मात्र तो सहज वापरतो. संगणकावरील एखादा खेळ मूळ निर्मात्याने जसा दिला तसा न खेळता त्यातील चित्रे, आवाज, नकाशे, पात्रे, क्वचित कथानकसुद्धा खेळणाऱ्यांपैकीच कोणीतरी बदलतो आणि तो बदल इतरांनाही वापरता यावा म्हणून एका गठ्ठ्यात बांधून देतो, त्या गठ्ठ्याला मॉड म्हणतात. या उद्योगाचे एक दुय्यम, काहीसे कारकुनी वाटणारे अंग आहे : संपूर्ण मॉड न बसवता त्या गठ्ठ्यातून आपल्याला हवी तेवढी एकच फाईल बाहेर काढणे. प्रस्तुत लेखाचा विषय हे कारकुनी अंग आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे वाटण्याचे कारण हे की, पाठचिकित्सा नावाची आपली विद्या शतकानुशतके याहून वेगळे काही करीत आलेली नाही. आणि या कामाचे एक विलक्षण उदाहरण आमच्या वाशिमच्या पदरात पडलेले आहे.

प्रथम गठ्ठ्याविषयी. खेळ म्हणजे हजारो लहान फायली : भिंतीचे पोत, बंदुकीचा आवाज, पात्राच्या चालण्याची चित्रे. त्या सुट्या ठेवल्या तर हरवतात आणि वाचायला वेळ लावतात. म्हणून त्या एका मोठ्या फायलीत ओळीने भरतात आणि कोणती वस्तू कोठे सुरू होते व किती लांबीची आहे, याची एक सूची जोडतात. पेशवे दफ्तराशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे नवे वाटू नये. तेथे कागदांचे गठ्ठे फडक्यात बांधलेले असतात आणि त्यांना ‘रुमाल’ म्हणतात. रुमालाला यादी असली तर हवा तो कागद घटकेत हाती येतो; नसली तर सारा रुमाल सोडून बसावे लागते. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड काढले, ते असे रुमाल सोडूनच. संगणकवाले ज्याला आर्काइव्ह म्हणतात त्याला येथून पुढे मी रुमालच म्हणेन.

मॉडच्या इतिहासातील निर्णायक रुमाल ‘डूम’ या खेळाचा. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने तो 10 डिसेंबर 1993 रोजी प्रसिद्ध केला. त्याआधीही लोक खेळ बदलत होतेच. ‘कॅसल वुल्फेनस्टाईन’मधील नाझी सैनिकांच्या जागी कार्टूनमधील निळे स्मर्फ बसवण्याचा खोडसाळपणा 1983 सालीच झाला होता, आणि 1992 च्या ‘वुल्फेनस्टाईन 3डी’चे नकाशेही हौशी मंडळींनी उकलले होते. पण ते उकलणे म्हणजे मूळ फायलीवरच खाडाखोड करणे होते. मूळ पाठ खोडून त्यावर नवा लिहायचा. मग मूळ गेला तो गेलाच. जॉन कारमॅक या प्रोग्रामरने ‘डूम’ रचताना खेळ चालवणारे यंत्र आणि त्या यंत्राला लागणारी सामग्री यांची फारकत केली. सामग्रीच्या रुमालाला ‘वॅड’ असे नाव मिळाले. ‘सगळा डेटा आहे तरी कुठे’ अशा अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाची ती आद्याक्षरे आहेत. कंपनीचा रुमाल तो ‘आयवॅड’ आणि हौशी बदलकाराचा तो ‘पीवॅड’, असा भेद फायलीच्या पहिल्या चार अक्षरांतच नोंदवलेला असतो. मूळ कोणते आणि पुरवणी कोणती हे कपाळावरच लिहिले गेले. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांबाबत अशी सोय असती तर आपल्या संशोधकांचे किती श्रम वाचले असते!

वॅडची रचना इतकी साधी आहे की ती फळ्यावर समजावून देता येते. आरंभी 12 बाइटचे मुखपृष्ठ : चार बाइटमध्ये जात, चारमध्ये आतील वस्तूंची संख्या, चारमध्ये सूची कोठे आहे त्याचा पत्ता. सूचीतील प्रत्येक नोंद 16 बाइटची : वस्तू कोठून सुरू होते, किती लांब आहे आणि तिचे नाव. नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे असू शकत नाही. एक वस्तू काढायची तर सूचीत नाव शोधावे, पत्त्यावर जावे, सांगितलेल्या लांबीइतका मजकूर उचलावा आणि वेगळा जपून ठेवावा. बाकीच्या रुमालाला हातही लागत नाही. 1994 साली या रचनेचे अनधिकृत वर्णन हौशी लोकांनीच लिहून प्रसारित केले आणि त्याच वर्षी नकाशे उघडणारी व नव्याने रचणारी साधने निघाली. कंपनीने खेळाचा मूळ संकेत प्रसिद्ध केला तो त्यानंतर, डिसेंबर 1997 मध्ये. सूत्रकाराच्या आधी भाष्यकार यावा, असा हा क्रम आहे.

येथवर सारे सोपे आहे. अडचण काढलेल्या वस्तूपाशी सुरू होते, आणि आपल्या दृष्टीने विषय येथेच रंगतो.

‘डूम’मधील एखाद्या राक्षसाचे चित्र आपण बाहेर काढले असे समजा. त्या चित्रात रंग नसतात. रंगांचे क्रमांक असतात. क्रमांक 176 म्हणजे कोणता लाल, हे सांगणारा तक्ता ‘प्लेपाल’ नावाच्या दुसऱ्याच वस्तूत असतो. तो तक्ता सोबत नसेल तर हाती आलेले चित्र अचूक असूनही निरर्थक ठरते. दुसरी गंमत नकाशांची. प्रत्येक नकाशाची सामग्री दहा वस्तूंत विभागलेली असते आणि प्रत्येक नकाशात त्या दहांची नावे तीच ती असतात. ‘थिंग्ज’ नावाची वस्तू काढा, असे म्हणून भागत नाही. रुमालात जितके नकाशे तितक्या ‘थिंग्ज’. मग कोणती कोणाची? त्यासाठी प्रत्येक नकाशाच्या आरंभी केवळ नावाची, शून्य लांबीची एक खूण ठेवलेली असते. तिच्यात मजकूर काहीच नाही; तरी तिच्यामागून येणाऱ्या दहा वस्तूंचा अर्थ तिच्यावर अवलंबून असतो. क्रम हाच येथे अर्थ आहे. वस्तू उचलली आणि क्रम मागे राहिला, तर आपण शब्द आणले पण वाक्य तेथेच सोडून आलो.

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे केसोबास आठवल्याशिवाय राहणार नाहीत. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरांची वचने प्रसंगांच्या पोटात आहेत : कोणीतरी काही विचारले, काही घडले, आणि त्यावर सर्वज्ञ काही बोलले. केसोबासांनी ती वचने प्रसंगांतून वेगळी काढली आणि ‘सूत्रपाठ’ सिद्ध झाला. दृष्टान्त वेगळे काढून ‘दृष्टान्तपाठ’ रचला. मराठी गद्याच्या पहाटेच झालेले हे निष्कर्षणाचे काम आहे, आणि ते मोठ्या जाणतेपणाने झालेले आहे. पण सूत्र प्रसंगातून सुटल्यावर ते कोणाला, कोठे, कशावरून निरूपिले हा प्रश्न उरला, आणि तो सोडवण्यासाठी संप्रदायात ‘प्रकरणवश’ नावाचा स्वतंत्र ग्रंथप्रकारच निर्माण झाला. काढलेल्या सूत्राला त्याचा रंगतक्ता परत जोडून देण्याचे ते काम होते.

‘डूम’नंतरच्या रुमालांची कुळकथा लांबवण्याचे कारण नाही. 1996 च्या ‘क्वेक’ने ‘पॅक’ आणला. त्यात नावाला 56 बाइट मिळाले, त्यामुळे फोल्डरचा पत्ताही नावात मावू लागला. 1999 च्या तिसऱ्या ‘क्वेक’ने तर वेगळा प्रकार काढण्याची दगदगच केली नाही; सरळ झिप फायलीचे शेपूट बदलून ती वापरली. महाराष्ट्रातील सायबर कॅफेंच्या पिढीला अधिक जवळचे उदाहरण ‘व्हाईस सिटी’चे. 2003 साली संगणकावर आलेल्या या खेळात आपली स्वतःची गाणी मोटारीच्या रेडिओवर वाजवण्याची सोय निर्मात्यांनीच ठेवली होती. गाणी एका फोल्डरात टाकली की काम झाले. मोटार मात्र बदलायची तर रुमाल सोडावा लागे, आणि येथे रुमाल व त्याची यादी या दोन वेगळ्या फायली होत्या : सामग्री ‘आयएमजी’त आणि सूची ‘डीआयआर’मध्ये. सूचीची फाईल गहाळ झाली की शेकडो मेगाबाइटचा रुमाल तेथेच असून नसल्यासारखा. त्याच मालिकेतील पुढच्या ‘सॅन अँड्रियाज’मध्ये सूची रुमालाच्याच पोटात नेली गेली. दोन बाडांचे एक बाड करण्याचा शहाणपणा ग्रंथपालांनाही असाच अनुभवाने सुचत असावा.

झिपविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. फिल कॅट्झ याने 1989 साली हा प्रकार आणला. अशा फायलीच्या आरंभी आजही ‘पीके’ ही अक्षरे दिसतात, ती त्याच्या नावाची. झिपमध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे आकसून ठेवलेली असते आणि एकत्रित सूची अगदी शेवटी असते. म्हणून झिपमधून एकच फाईल काढता येते; शेजारणीला जागे करावे लागत नाही. याउलट सेव्हन-झिप किंवा रार या प्रकारांत ‘सॉलिड’ म्हणून एक पद्धत आहे. तीत अनेक फायली सलग एका प्रवाहात आकसलेल्या असतात. पुढच्या फायलीतील मजकूर मागच्या फायलीच्या आधाराने संक्षेपिलेला असतो : ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असे म्हणत म्हणत. जागा पुष्कळ वाचते. पण शंभरावी फाईल हवी तर आधीच्या नव्याण्णव मनातल्या मनात उलगडाव्या लागतात. तोंडपाठ असलेल्या लांब स्तोत्रातील मधलाच श्लोक कोणी विचारला की आपण पहिल्यापासून पुटपुटू लागतो, तसेच हे. मोठे मॉड जागा वाचवण्यासाठी बहुधा याच पद्धतीने बांधलेले असतात. त्यातून एक लहानसे चित्र काढायला इतका वेळ का लागतो, याचे हे उत्तर आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने हा भेद मुक्तक आणि प्रबंध या नावांनी ओळखला होता. मुक्तक म्हणजे जे दुसऱ्यावाचून पुरे होते ते. गाथासप्तशती हे मुक्तकांचे बाड आहे. कोणतीही गाथा उचला, ती उभी राहते. प्रवरसेनाचे ‘सेतुबंध’ हा प्रबंध आहे. त्यातील श्लोकाला मागच्या-पुढच्या श्लोकांचा टेकू लागतो. आता अशी कल्पना करा की, एक प्रबंध पूर्णपणे नष्ट झाला, पण त्याचे काही श्लोक कोणी दुसऱ्याने आपल्या कामासाठी मुक्तकांसारखे उचलून स्वतःच्या रुमालात ठेवले होते, आणि तो रुमाल तेवढा उरला. त्या रुमालातून ते श्लोक पुन्हा काढून प्रबंध कसा होता हे सांगता येईल काय? ही कल्पना नाही. वाशिमच्या राजाच्या काव्याबाबत नेमके हेच घडले आहे.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करीत होती, आणि तिचा मूळपुरुष पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन. काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा. हा राजा कवी होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचे महाकाव्य महाराष्ट्री प्राकृतात रचले. म्हणजे आज ज्या भाषेचे आपण मराठीचे पूर्वरूप म्हणून अभिमानाने नाव घेतो, त्या भाषेतील एक महाकाव्य आमच्या जिल्ह्याच्या गावी जन्मले, ही गोष्ट एम. ए.च्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? कवीचे नाव अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतून ठाऊक होते. पण तो वाकाटक राजा, आणि तोही वत्सगुल्मचा, हे उलगडायला 1939 साल उजाडावे लागले. त्या वर्षी वाशिमला सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट मिळाले. त्यांतील वंशावळ संस्कृतात आहे आणि पुढचा दानाचा व्यवहार प्राकृतात. दान दिलेले गाव नंदिकड, म्हणजे नांदेडच्या परिसरातले. या ताम्रपटांनी आणखी एक काम केले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वराहदेवाच्या लेखात याच वंशाची नामावळी आहे. पण तो लेख फार झिजलेला असल्याने एकोणिसाव्या शतकातील वाचकांनी तेथे भलतीच नावे वाचली होती. वाशिमच्या ताम्रपटांनी योग्य नामावळी हाती दिली आणि म. म. वा. वि. मिराशी यांनी तिच्या आधारे अजिंठ्याच्या झिजलेल्या अक्षरांत सर्वसेन हे नाव पुन्हा वाचून दाखवले. ‘व्हाईस सिटी’चा रुमाल एकीकडे आणि यादी दुसरीकडे होती असे वर म्हटले, तसाच हा प्रकार. भिंत अजिंठ्याला आणि सूची वाशिमला.

काव्य मात्र गेले. ‘हरिविजया’चे एकही हस्तलिखित उपलब्ध नाही. उरले आहे ते इतरांच्या ग्रंथांत. नवव्या शतकातील काश्मीरचा आनंदवर्धन त्याचा उल्लेख करतो. दहाव्या शतकातील कुंतक सुकुमार मार्गाचे उदाहरण देताना कालिदासाच्या जोडीला सर्वसेनाला बसवतो. बाराव्या शतकातील हेमचंद्र त्याच्या रचनेविषयी बारीकसारीक माहिती पुरवतो. आणि अकराव्या शतकातील धारचा राजा भोज आपल्या ‘शृंगारप्रकाश’ या छत्तीस प्रकाशांच्या अवाढव्य ग्रंथात त्याचे श्लोक उदाहरणे म्हणून घालतो.

येथे आनंदवर्धनाचा संदर्भ नीट पाहण्याजोगा आहे, कारण तो थेट मॉडविषयी बोलतो आहे. त्याचे म्हणणे असे : परंपरेने आलेल्या कथेत रसाला प्रतिकूल असे काही असेल, तर कवीने ते टाकून द्यावे आणि रसाला अनुकूल असे दुसरे कल्पावे, कथा जशीच्या तशी सांगणे हे कवीचे प्रयोजन नव्हे, ते इतिहासानेही साधते. याची उदाहरणे म्हणून तो कालिदासाचे प्रबंध, सर्वसेनाचे हरिविजय आणि स्वतःचे अर्जुनचरित यांची नावे घेतो. सर्वसेनाने काय बदलले, ते अभिनवगुप्त सांगतो : स्वर्गातून पारिजात आणण्याचा प्रसंग त्याने प्रियेच्या अनुनयाचे अंग म्हणून रचला, आणि हे इतिहासग्रंथांत आढळत नाही. मूळ यंत्र तेच ठेवावे, कृष्ण तोच, पारिजात तोच, इंद्राशी संघर्षही तोच; पण सामग्री अशी पालटावी की युद्धाच्या कथेची मानिनी सत्यभामेच्या रुसव्याची कथा व्हावी. कारमॅकने यंत्र आणि सामग्री यांची फारकत केली, तिचे शास्त्र काश्मीरमध्ये हजार वर्षांपूर्वी मांडले गेले होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा हे बरे. आनंदवर्धनाला अभिप्रेत असलेल्या कवीला कोणाचा रुमाल सोडावा लागत नव्हता. पुराणकथा सर्वांचीच होती. मॉडकाराच्या कामावर मात्र मूळ कंपनीचा हक्क आणि आधीच्या मॉडकारांची नाराजी अशी दुहेरी छाया असते. दुसऱ्याच्या मॉडमधून एखादी फाईल काढून पाहणे, शिकणे, स्वतःच्या संगणकावर वापरून बघणे वेगळे, आणि ती आपल्या नावाच्या गठ्ठ्यात घालून वाटणे वेगळे. पुष्कळ मॉडकार आपल्या मॉडसोबतच्या टिपणात याविषयी स्पष्ट अटी लिहितात. उद्धरण आणि वाङ्मयचौर्य यांतील रेषा आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, ती हीच.

आता भोजाकडे. त्याच्या रुमालातून ‘हरिविजय’ काढण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्राकृतचे थोर अभ्यासक वा. म. कुलकर्णी यांनी केले. (मराठी समीक्षक वा. ल. कुलकर्णी ते हे नव्हेत. ग्रंथसूचींत हा घोटाळा सहज होतो.) अडचण अशी की, भोज श्लोक देतो, पण तो कोणाचा हे बहुधा सांगत नाही. संगणकीय खेळांत याचे तंतोतंत प्रतिरूप आहे. ‘डायब्लो’ या खेळासोबत 1996 च्या अखेरीस ‘एमपीक्यू’ नावाचा रुमाल आला. त्याच्या सूचीत फायलींची नावे नसतातच. नावावरून गणिताने काढलेला एक आकडा तेवढा असतो. नाव ठाऊक असेल तर आकडा काढून फाईल मिळवता येते; आकड्यावरून नाव मात्र परत मिळत नाही. कूट केलेल्या फायलीची किल्लीसुद्धा तिच्या नावावरूनच बनते. म्हणून हौशी लोकांनी वर्षानुवर्षे नावांच्या याद्या गोळा केल्या : काही खेळाच्या संकेतात सापडलेली, काही पुष्कळ तर्क लढवून ओळखलेली. यादीत नसलेल्या फायली काढता येतात, पण त्या निनावी निघतात.

निनावी फाईल ओळखण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तिचे अंतरंग पाहणे. चित्राच्या फायली विशिष्ट अक्षरांनी सुरू होतात, ध्वनीच्या आणखी वेगळ्या. त्यावरून जात कळते. कुलकर्णींपुढेही अंतरंगाचाच मार्ग होता. श्लोक महाराष्ट्रीत आहे काय? त्यात हरी, सत्यभामा, रुक्मिणी, पारिजात यांपैकी काही आहे काय? छंद स्कंधक आहे काय? भोजाने एकापाठोपाठ दिलेल्या उदाहरणांत एकच प्रसंग पुढे सरकताना दिसतो काय? हेमचंद्राने जी वर्णने ‘हरिविजया’त आहेत म्हणून सांगितले, त्यांत हा श्लोक बसतो काय? अशा खुणा जुळवीत त्यांनी श्लोक वेगळे केले आणि कथेच्या ओघाने लावून पाहिले. यातील काही श्लोक निःसंशय आहेत, काही संभाव्य आहेत. पारिजाताची कथा सांगणारा सर्वसेन हा एकटाच कवी नव्हे, हा आक्षेप नेहमीच शिल्लक राहणार. माझ्या मते या पुनर्रचनेची थोरवी त्या श्लोकांच्या संख्येत नाही, तर हा श्लोक का घेतला याचे कारण दर वेळी तपासता येईल असे ठेवण्यात आहे.

यापुढची अडचण पाठाची. ‘शृंगारप्रकाशा’ची हस्तलिखिते थोडी आणि सदोष, ती उतरवणाऱ्या लेखकांना संस्कृत येत असे, प्राकृत बेताचेच. त्यामुळे प्राकृत श्लोक जागोजाग विस्कटलेले आहेत. झिपमध्ये प्रत्येक फायलीसोबत तिच्या मजकुरावरून काढलेली एक बेरीज ठेवलेली असते. काढलेल्या फायलीची बेरीज तिच्याशी जुळली नाही, तर मजकूर बिघडला असे समजते. स्कंधकाजवळही अशी बेरीज आहे : प्रत्येक अर्धात 32 मात्रा, एकूण 64. मात्रा 61 भरल्या की तीन मात्रा कोठेतरी गळल्या हे निश्चित. मात्र कोणते अक्षर, हे मात्रा सांगत नाहीत, आणि झिपची बेरीजही सांगत नाही. तेथे भाषेचे ज्ञान लागते, आणि थोडे धाडस. मात्रा जुळल्या म्हणजे पाठ शुद्ध झाला, असे मानण्याची चूक मात्र संपादक करतात. चुकीचे अक्षरही मात्रेत बसू शकते.

मराठी माणसाचा या दुःखाशी अगदी घरगुती परिचय आहे. झिपचा पहिला आराखडा रोमन लिपीसाठी होता. नावे युनिकोडमध्ये आहेत असे सांगणारी खूण त्यात 2006 साली अधिकृतपणे आली. त्यामुळे देवनागरी नावाच्या फायली जुन्या साधनाने बांधल्या किंवा सोडल्या, की नावाच्या जागी चित्रविचित्र चिन्हे उमटतात. फाईल शाबूत, नाव परागंदा. त्यात आतला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात असेल आणि तो टंक सोबत नसेल, तर ‘प्लेपाल’ नसलेल्या राक्षसासारखी त्या लेखाची गत होते. अनेक प्राध्यापकांचे प्रबंध आज या अवस्थेत सीड्यांमध्ये पडून आहेत.

अखेरीस प्रक्षेपाविषयी. ‘डूम’मध्ये एकाच नावाच्या दोन वस्तू असल्या, तर खेळ शेवटून शोधू लागतो आणि शेवटी बसवलेली आधी सापडते. 2011 च्या ‘स्कायरिम’मध्येही रुमालातल्या फायलीवर त्याच नावाची सुटी फाईल मात करते. म्हणून अनेक मॉड बसवलेल्या संगणकावर समोर दिसणारा चेहरा नेमका कोणत्या गठ्ठ्यातून आला हे सांगणे अवघड होते. ते शोधण्यासाठीच पुष्कळदा रुमाल एकेक करून सोडावे लागतात. हेमचंद्राने अशाच एका मिसळीची नोंद केली आहे. ‘हरिविजय’, ‘सेतुबंध’ अशा काव्यांत आरंभापासून अखेरपर्यंत एकच छंद असतो असे सांगून तो पुढे म्हणतो की, त्यांत जी गलितके आढळतात ती स्वतःला विदग्ध समजणाऱ्या कोणीतरी मागाहून घातली, असे जाणकारांचे मत आहे. बाराव्या शतकात गुजरातेत बसून एक जैन आचार्य वत्सगुल्मच्या काव्यातील अनधिकृत भर निवडतो आहे! ‘सेतुबंधा’तील गलितके आजही तपासून पाहता येतात, कारण तो ग्रंथ सलग उरला. ‘हरिविजया’तील कोणते गलितक कोणी घातले, हा प्रश्न मूळ बाडाबरोबरच बुडाला.

हेमचंद्राने दिलेली आणखी एक खूण मात्र कामाची आहे. प्रवरसेनाने ‘सेतुबंधा’च्या प्रत्येक आश्वासाच्या शेवटी ‘अनुराग’ या शब्दाची मुद्रा ठेवली, तशी सर्वसेनाची मुद्रा ‘उत्साह’ ही होती, प्राकृतात ‘उच्छाह’. रुमालाच्या कपाळावर ‘पीके’ किंवा ‘पीवॅड’ लिहिलेले असावे, तशीच ही. एखाद्या मठातील वा भांडारातील सूची नसलेल्या बाडात, शेवटच्या श्लोकात ‘उच्छाह’ असलेला स्कंधकांचा एखादा आश्वास कोणाच्या हाती आलाच, तर तो प्रथम वाशिमला कळवावा.